भाडेकरूचा आकडा

राहनाळच्या आक्कांचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. गोदामासाठी जमीन मोजली गेली तेव्हा फितीचं दुसरं टोक त्यांनी स्वतः धरलं होतं. लेकीने आणलेली साडीसुद्धा त्या उलटी करून बघायच्या. अशा बाईकडे २००५ साली सुमित भाड्याने राहायला आला. भिवंडीच्या कॉलेजात गणित शिकवायचा, एकटा, अबोल.

आठवडाभरातच आक्कांना खटकायला लागलं. मास्तर कॉलेजात गेला तरी कुलूपबंद खोलीत काहीतरी घरघरायचं. लाईट गेली की आतून टीं-टीं वाजायचं. एकदा केरात कागद सापडला, तर त्यावर नुसते आकडेच आकडे.

"मटका हाय," त्या पुतण्याला, केसरीनाथला म्हणाल्या. "न्हायतर नोटा छापतंय."

रविवारी दोघं सुमितच्या दारात जाऊन उभी राहिली. त्याने निमूट आत घेतलं. खाट, पुस्तकं, घरघरणारा कंप्युटर आणि लाईट गेली की टीं-टीं करणारी त्याची बॅटरी.

"तू नसताना यो काय करतंय?"

"एक संख्या तपासतोय, आक्का. मूळ संख्या आहे का ते."

आक्कांच्या कपाळावर आठी. सुमितने ओटीवरचे बारा नारळ घेतले, चार-चारच्या तीन ओळी लावल्या. मग एक वाढवला. "आता सारख्या ओळी लावून दाखवा."

आक्कांनी दोनाच्या लावल्या, तीनाच्या लावल्या, पाचाच्या लावल्या. काही केल्या जमेना. "एखादा लपवलास तू," त्या म्हणाल्या आणि पुन्हा मोजले. तेराच होते.

"तेरा ही मूळ संख्या. माझी नव्वद लाख आकडी आहे. दोनाला दोनाने तीन कोटी वेळा गुणायचं आणि एक कमी करायचा. जगभरचे लोक अशी एकेक संख्या वाटून घेतात. कंप्युटर तिच्यावर एक लांबलचक गणित करतो. ते नेहमीच्या भागाकाराच्या उलट असतं: शेवटी बाकी शून्य आली तर ती मूळ."

महिन्याने आक्कांनीच विचारलं, "काय झाला त्याचा?"

"बाकी उरली. म्हणजे ती मूळ नाही, तिला भाग जातो."

"कशानं?"

"ते माहीत नाही. या रीतीने एवढंच कळतं."

"म्हंजे चोर शिरला ते कळला, चोर कोन ते न्हाय?" आक्कांचे डोळे बारीक झाले. "मंग मशीन खोटा बोलली असंल तर?"

"म्हणूनच दुसरा कुणीतरी परका माणूस त्याच्या मशीनवर हेच गणित पहिल्यापासून करणार. दोघांची बाकी जुळली तरच मान्य."

"तुझा शब्द धरत न्हायत?"

"कुणाचाच धरत नाहीत."

"शानी मानसं हायत," त्या म्हणाल्या, आणि सुमितला पहिल्यांदा त्यांच्या घरचा चहा मिळाला.

ती बाकी जुळल्याचं दोन वर्षांनी कळलं. सुमित हसतच सांगायला गेला. आक्का वालाच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली, त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं.

"तो परका," त्यांनी विचारलं, "तुझ्या वळखीचा तर न्हाय ना?"