बिनतंबाखूचा जावई

पुडी संपते, पण तंबाखूचे किस्से काही संपत न्हाईत! केदारखेड्याच्या आमच्या टेम्पोस्टँडवर भाडं येईपर्यंत दुसरं कामच काय? किस्से साचतच जातेत.

*

स्टँडला लागून कांतीशेठचं दुकान. मारवाडी माणूस, तंबाखू विकतो पण तोंडाला लावत न्हाई. आमच्यातला शेषराव ड्रायव्हर एकदा विचारून बसला, "शेठ, ह्या नव्या पुडीची टेस्ट कशी हाय?"

"मला काय माहीत? मीच खायला लागलो तं तुम्हाला काय विकू!"

*

एकदा भाड्याच्या नंबरावरून शेषराव अन् दुसरा ड्रायव्हर भीमराव ह्यांची जुंपली. एकमेकाच्या कॉलरी धरल्या! आम्ही सोडवायला धावलो, तं भीमराव मोकळा हात पुढं करून म्हणे, "आधी चुना दे बरं जरा."

शेषरावनं मुकाट डबी दिली. चुना मागणाऱ्याला दुश्मनबी न्हाई म्हणत न्हाई, हा आमच्याकडचा कायदाच.

"हां, कुठवर आल्तो आपण?" भीमराव म्हणाला. तोवर भाडं तिसराच घेऊन गेल्ता!

*

शेठच्या गुलाबाला किडे लागले. शेषराव म्हणाला, "तंबाखू भिजवा अन् पाणी फवारा." झाड बिलकुल साफ! छाती फुगवून घरी सांगू लागला, तं त्याची पोरगी सुनीता म्हणाली, "आबा, किडे एका फवाऱ्यात मेले. अन् तुम्ही दिवसभर तेच तोंडात धरून राह्यले!"

तंबाखूनं शेषरावचं तोंड आता दोन बोटांपुरतंच उघडतं. भाकरी कुस्करून द्यावी लागते, ती सुनीताच देते. बघून तिला लई वाईट वाटतं. म्हणून लग्नाला तिची एकच अट, "पोरगा गरीब चालंल, तंबाखूवाला न्हाई. आणखी एक तोंड मिटताना मला बघवणार न्हाई."

*

मंग धावडा गावाचं स्थळ आलं. पोरगा सुपारीलाबी शिवत न्हाई, असं मध्यस्थ शपथेवर सांगे. बघायच्या दिवशी मीबी गेल्तो. शेषरावनं मुद्दाम पुडी पुढं केली.

पोरगा कानाला हात लावून म्हणाला, "छे छे, मामा! वासानंच मळमळतं."

शेषरावचे डोळेच भरून आले. सगळं बराबर जमलं. तोंड गोड करायला सुनीतानं सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली.

तेवढ्यात मोसंबीच्या भावाचा विषय निघाला अन् पोरगा बोलण्यात रंगला. साखर डाव्या तळव्यावर कधी गेली, त्यालाच कळलं न्हाई. अंगठ्यानं ती चांगली मळली, वरून दोन टाळ्या देऊन झाडली, रिवाजाप्रमाणं आधी शेषरावपुढं धरली अन् उरलेली चिमूट खालच्या ओठात सरकवली!

मध्यस्थ छताकडं बघायला लागला.

सुनीता म्हणाली, "आबा, पाव्हण्यांना थुकायला बाहेर न्या."