पोपटी खोली

ऑइल पेंटचा वास आला की मला मोताळ्याचं सासर आठवतं. जुन्या घरातली जेवणाची खोली धुरानं पार काळवंडली होती. मी नवी सून, हौसेनं तिला पोपटी रंग लावून घेतला. सासरे दारातच थबकले. "हे जेवाची खोली हाय का पोपटाचा पिंजरा? मी नाही जेवत इथं," म्हणत ताट घेऊन ओसरीवर गेले. आठवडाभर तिथंच माश्या हाकलत जेवले. मला रडू यायचं. मग नणंदेचे सासरे, देऊळघाटचे व्याही, आले आणि खोली पाहून म्हणाले, "वा! रंग कोनं पसंत केला?" सासरे पाटावर ऐसपैस बसत म्हणाले, "म्याच. सून तं नाहीच म्हने!" मी चिडून सासूबाईंकडे पाहिलं. त्या माझ्या कानाशी पुटपुटल्या, "राहू दे वं. मले पाहाले आले तवाबी पहिले नाहीच म्हनले होते."