गावाचं नाव वाचलं तेव्हा
कोठीच्या बाजारात तिखटमीठ लावलेल्या पेरूचा वास आला, की एम.ए.ला इतिहास शिकतानाची मैत्रीण आठवते. निजामाच्या काळातले कागद उर्दूत आणि मला उर्दू येत नव्हती, म्हणून ती कॉलेजातल्या कडुलिंबाखाली बसून मला अक्षरं शिकवायची. एका दुपारी झेरॉक्सच्या पानावर मी अडखळत आमच्या मराठवाड्यातल्या गावाचं नाव वाचलं. पेरूची फोड माझ्या हातात देत ती म्हणाली, "बस, अब तेरेकू मेरी जरूरत नै." मी इतकी खूश होते, की तेच नाव पुन्हापुन्हा वाचत राहिले. परीक्षेनंतर ती लग्न होऊन जेद्दाला गेली. आता मी उर्दू सहज वाचते. तरी कधीकधी सोप्या शब्दापाशीही उगाच थांबते, शेजारून कुणीतरी सांगेल म्हणून.