चेष्टा करू नकोस

आमच्या देवासच्या गोतावळ्यात लग्न असो की मुंज, जेवणं झाली की माझ्याभोवती खुर्च्या ओढल्या जातात. किस्से सांगणारी मी. गेली दोन वर्षं माझा हुकमी किस्सा म्हणजे माझी लेक. ती मानसशास्त्र शिकली, धारला एका दवाखान्यात बसते आणि ज्यांना झोप लागत नाही त्यांच्यावर संमोहन-उपचार करते. मी म्हणायचे, ‘आमच्या घराण्यात सगळ्यांनी कचेरीत झोपा काढल्या, हिनं झोपेचीच कचेरी काढली.’ लोक हसायचे, तीही हसायची. मग तिचं समारंभांना येणं कमी झालं. मला वाटलं, काम वाढलं असेल.

आणि मग माझीच झोप उडाली. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, सगळं ठीक. जायफळ घातलेलं दूध झालं. काशाच्या वाटीनं तळपायाला तूप चोळून झालं. चोळता चोळता झोप लागली ती आमच्या ह्यांना. शेवटी त्यांनीच लेकीला फोन लावून माझ्या हातात दिला. तिनं अट घातली, “ये, पण एकदा नीट करून बघ. त्यानंतरही हसलीस, तर मी घरात या कामाचं नाव काढणार नाही.” ती हे रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती अगदी सपाट आवाजात म्हणाली.

तर इंदूरला बस बदलून धारला गेले. तिच्या खोलीत एक मागे कलणारी खुर्ची, पडदे ओढलेले. तिच्याकडचे सगळे हिंदी किंवा माळवीत बोलणारे. माझ्यासाठी मात्र तिनं सगळं मराठीत लिहून आणलं होतं. शाळा हिंदी, पुस्तकं हिंदी, त्यामुळे ती अडखळत, बोट ठेवून वाचत होती. “डोळे मिट. खांदे ढिले सोड. जबडा ढिला सोड.” मी सोडला. पण खरं सांगते, आत माझा नवा किस्सा जुळायला लागला होता, हशा कुठे येणार तेही ठरलं होतं.

तेवढ्यात ती म्हणाली, “आता कसलीच चेष्टा करू नकोस.”

मी जागच्या जागी ओशाळले. पोरीनं मनातलं ओळखलं की काय! “नाही करणार,” मी पुटपुटले, आणि किस्सा खरंच थांबला. मग ती मला मनातल्या मनात देवासच्या देवीच्या टेकडीच्या पायऱ्या उतरवू लागली, एक, दोन, तीन. सातवीच्या पुढचं मला आठवत नाही.

“आई, इथं झोपायचं नसतं,” ती मला हलवत होती. “तू तर घोरायला लागलीस.”

चहा पिताना मी धीर केला. म्हटलं, आजवर तुझी फार चेष्टा केली, चुकलं माझं. “कसली चेष्टा?” तिनं विचारलं. मग कळलं, तिची ‘चेष्टा’ हिंदीतली होती, म्हणजे प्रयत्न. झोप यावी म्हणून धडपड करू नकोस, एवढंच तिला सांगायचं होतं. हिंदी मलाही येते की. पण डोळे मिटल्यावर कानात आईचीच भाषा उरते.

“अरे यार, मराठीत गलत झालं ना?” म्हणत तिनं पेन काढलं. वाक्यापाशी थांबली. “राहू दे,” ती म्हणाली. “तुझ्या कागदावर हेच राहू दे.”

तिनं ते सगळं माझ्या फोनवर रेकॉर्ड करून दिलं. जादू झाली नाही. आधी आठवड्यातून दोनदा, मग चारदा, अशी झोप परतत गेली. अजूनही एखादी रात्र दगा देते.

मागच्या महिन्यात बागलीला लग्न होतं. लेक आली होती. खुर्च्या ओढल्या गेल्या, सगळे माझ्या तोंडाकडे बघू लागले. मी तिला शेजारी बसवलं आणि म्हटलं, “ही माझी मुलगी. झोपेवर उपचार करते. मी तिची पेशंट आहे, आणि मला गुण आलाय.” पुढे हसण्यासारखं काही येईल म्हणून लोक थांबले. आलं नाही.

थोड्या वेळानं माझ्या थोरल्या जाऊबाई, ज्या सगळ्यात मोठ्यानं हसायच्या, लेकीला हळूच बाजूला घेऊन गेल्या. खांबाआड दोघींचं बराच वेळ चाललं होतं. लेकीचा चहा गार झाला. मी तिला हाक मारली नाही. ती कामात होती.