भोवरेताईंचं मॉडेल

प्रयोगशाळेत सगळे त्यांना भोवरेताई म्हणत. आडनाव वेगळंच होतं, पण हवेतल्या भोवऱ्यांपायी उभी हयात घालवल्यावर दुसरं काय चिकटणार? आवाजालाही मागे टाकणाऱ्या हवेचं गणित त्या मांडत. एवढ्या वेगात हवा दाबली जाते, तापते, इंजिनाच्या भिंतीलगत तिची नुसती खळबळ उडते. त्यातला एकेक भोवरा मोजायचा तर कॉम्प्युटरही हात टेकतो. म्हणून सगळ्यांचा मिळून अंदाज देणारं मॉडेल लागतं. ताईंनी तरुणपणी तसं एक बसवलं. ते गाजलं. इंजिनं बनवणारे डोळे झाकून तेच वापरू लागले.

निवृत्ती जवळ आली तेव्हा विंड टनेलमधली, म्हणजे वारा सोडून चाचणी घेतात त्या बोगद्यातली, नवी मोजमापं हाती आली. ताईंनी ती मॉडेलशी ताडून पाहिली, मग पुन्हा एकदा. हवा भिंतीपासून कुठे सुटते, नेमकं तेच चुकत होतं. आधीची उत्तरं जुळली होती, ती दोन चुका एकमेकींना सांभाळून घेत होत्या म्हणून. एक दुरुस्त केली की दुसरी डोकं वर काढी. बरेच महिने झगडून त्या विभागप्रमुखांकडे गेल्या.

"सर, हे मॉडेल बंद करा. माझंच आहे, मीच सांगतेय."

"त्याच्या जागी काय देता, ताई?"

"माझ्याकडे काही नाही."

"मग राहू द्या की. चुकीचं का होईना, उत्तर तर देतं!"

ताईंनी लेख लिहून चूक जाहीर केली. लोक मॉडेल वापरतच राहिले, फक्त खाली त्या लेखाचा उल्लेख करू लागले. चूक कबूल करून पुन्हा करायची सोय झाली.

"तू सांगितलंस ना? मग सुटलीस," नवरा म्हणाला.

"सांगून थांबलं का काही?"

निरोपाच्या दिवशी एक नवी इंजिनिअर भेटायला आली. "मॅडम, माझं सगळं काम तुमच्या मॉडेलवर उभं आहे."

"अगं, माझा लेख..."

"वाचलाय ना. पण दुसरं वापरू काय?"



पुढे काही दिवस त्या नवं मॉडेल जुळवायला घरी कागद पसरून बसत. मग एका सकाळी सगळे गोळा करून माळ्यावर टाकले. कपाळाला हात लावून त्या खिडकीशी बसून राहिल्या.