नखाला लागणारं नाव

कोणतीही वस्तू दिसली की रऊफमामू आधी तिच्यावरच्या नावावरून अंगठ्याचं नख फिरवत. आम्ही त्यांच्या शेजारी राहायला आलो त्या दिवशी त्यांनी आमची चौकशी केली नाही. टेंपोतून उतरणाऱ्या आमच्या फ्रिजवरच्या नावाची कड नखानं चाचपली आणि म्हणाले, "वरून चिकटवलंय. नखाला लागतंय. काम कच्चं!" माझी आई घाबरून फ्रिजच्या आड उभी राहिली.

मामूंची सगळी नोकरी वाळूजच्या एका कारखान्यात, रंगाच्या खात्यात गेली. मोटारसायकलच्या टाकीवर कंपनीचं नाव लावायचं आणि ते मुरेपर्यंत वरून पारदर्शक लॅकरचे हात द्यायचे. "सारी जिंदगी दुसऱ्याचं नाव लावलं," ते म्हणत. "एक चीज आपल्या नावाची करायची. अन् नाव नखाला लागणार नाय." निवृत्तीनंतर त्यासाठी त्यांनी गिटार बनवायला घेतली. वाजवता त्यांना ती शेवटपर्यंत आली नाही. "टाकीसारखीच असती," हे त्यांचं कारण. "पोट पोकळ, अन् वरून चकचकीत." छावणीतल्या चर्चमध्ये गाणी बसवणाऱ्या गायकवाडबाई ती घेणार होत्या.

नागरीत 'रऊफ' हे मी लिहून दिलं. माझं अक्षर बरं, एवढीच माझी पात्रता. मामूंच्या जुन्या सोबत्यानं त्याचे दोन छाप काढून दिले. छाप पाण्यात भिजवला की कागदावरून नावाचा पापुद्रा सुटतो. तो अलगद लाकडावर सरकवायचा. पण ती दुष्काळाची वर्षं होती, नळ आठवड्यानं यायचा. मामूंनी वाटीभर पिण्याचं पाणी घेतलेलं पाहून मामी कडाडल्या, "लोगां पानी कू तरस रैं, तुम कागद कू नहला रैं!"

तेवढ्यात दारात कुणीतरी आलं म्हणून मामू उठले. थेंबही वाया न घालवणाऱ्या मामींनी वाटी उचलून कोथिंबिरीच्या कुंडीत रिकामी केली. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर कुंडीच्या रंगवलेल्या काठावर 'रऊफ' सुबक चिकटलं होतं. मामूंनी कुंडीला लॅकरचा एक हात दिला. "लागलंच आहे, तर टिकू दे."

आता एकच छाप उरला होता. आमच्या चहूकडे तेव्हा इमारती उठत होत्या आणि त्यांची धूळ ओल्या लॅकरवर येऊन बसे. घरात बिनधुळीची जागा एकच, न्हाणीघर. "पाणीच नाय, तर न्हाणी कोणाला पाहिजे?" असं म्हणून मामूंनी गिटार शॉवरच्या पाइपाला टांगली आणि तिच्या डोक्यावर, खुंट्यांपाशी, नाव लावलं. मी दारात स्टुलावर पुस्तक घेऊन बसायचो. "पातळ. अजून पातळ," ते हातातल्या फवाऱ्याला समजावत. पहिला हात जाड पडला तर नावच विरघळतं. दोन हात द्यायचे, वाळू द्यायचे, बारीक काचकागदानं घासायचे, की पुन्हा दोन हात. नळाच्या दिवशीसुद्धा न्हाणीघर बंदच. ओलाव्यानं लॅकर पांढुरकं पडतं म्हणे. मामी गल्लीला ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "मेरी सौतन न्हाणी में लटकी है!" आणि टॉवेल घेऊन आमच्याकडे आंघोळीला आल्या.

शेवटी एका दुपारी मामूंनी डोळे मिटून नख फिरवलं. एकदा, दोनदा. "नाय लागत," ते इतक्या हळू म्हणाले की मी पुस्तक मिटलं.

बाई आल्या. मामूंनी गिटार काढून त्यांच्या हातात दिली. बाईंनी ती नीट उभी धरली.

"मामू, नाव उलटं आहे."

कारखान्यात टाक्या आकड्याला उलट्या टांगलेल्या येत. मामूंच्या हाताला तीच सवय. त्यांनी गिटारही डोकं खाली करून टांगली आणि त्यावर अगदी सरळ नाव लावलं. मी इतके दिवस समोर होतो. नाव मलाही सरळच दिसत होतं. आता शिरोरेघ खाली आणि त्यावर अक्षरं शीर्षासन करत उभी होती.

मामूंनी काचकागद उचलला. "घासून काढतो."

"मग नाव?"

"छाप संपले, बाई. लाकूड राहील, नाव नाय."

बाईंनी त्यांच्यासारखंच नख फिरवलं. "काही लागत नाही हो! खबरदार हात लावलात तर. घरी मी ही उलटीच टांगीन."

"अन् चर्चमध्ये? लोक हसतील ना."

"तिथे लोक डोळे मिटून असतात."

आधी मामी हसल्या, मग मामू. ते हसणं खोकल्यापर्यंत गेलं.

मामू गेल्या उन्हाळ्यात गेले. गिटार बाईंच्या भिंतीवर अजून उलटी टांगलेली आहे. मामींनी ती कुंडी रिक्षातून नेऊन कबरीच्या उशाशी ठेवली. दुसरी पाटी लावू दिली नाही. परवा मी गेलो होतो. कुणी बघत नाही असं पाहून कुंडीच्या काठावरून नख फिरवलं. लागलं. एकच हात दिलेला ना.

काम कच्चं.

शुक्रवारी मी लॅकर आणि बारीक कागद घेऊन गेलो. मामी शेजारी बसून राहिल्या आणि पहिल्याच हाताला म्हणाल्या, "पातळ, बेटा. अजून पातळ."