टेलिफोनबाईंची पाहुणी

कुणाचाही फोन वाजला की टेलिफोनबाई उठून दुसऱ्या खोलीत जायच्या. स्वतःच्या घरी असोत की दुसऱ्याच्या. आमच्याकडे चहाला आलेल्या असताना माझा मोबाइल वाजला, तर कप बशीसकट उचलून सरळ गॅलरीत. पलीकडून सिलिंडरवाला बोलत असो की माझी बहीण, त्यांना फरक पडत नसे. बायको म्हणायची, "बाई, बसा हो, काही खासगी नाही." त्या तिकडूनच उत्तर द्यायच्या, "ते तुम्ही ठरवायचं. मी इथे बरी आहे."

ही सवय नोकरीतली. तरुणपणी त्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. मुंबईतून सावंतवाडीला बोलायचं तर आधी नंबर नोंदवायचा आणि मग तासन्‌तास वाट बघायची, तो काळ. समोरच्या बोर्डावर दोन टोकं जोडून देणाऱ्या मुलींपैकी त्या एक. ऑपरेटरला सगळं ऐकू येत असे. कोण मेलं, कुणाचं लग्न मोडलं, कुठल्या शेठने कुणाला बुडवलं. पण त्यांच्या सुपरवायझरबाईंचा एक नियम होता : बोलणं सुरू झालं की ऐकायची किल्ली मागे करायची, म्हणजे आपला कान बंद. "ऐकू येतं म्हणून ऐकायचं नसतं," असं टेलिफोनबाई सांगायच्या. पुढे वाक्य वाढवायच्या नाहीत.

त्यांच्याबद्दल लिहायला बसलो याला कारण आहे. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत त्या प्रगतीच्या विरोधात होत्या असं अजूनही बोललं जातं. ते खोटं आहे. मी सोसायटीचा खजिनदार आहे आणि खोटी नोंद मला खपत नाही. इमारतीतल्या म्हाताऱ्यांना मोबाइलवरून वीजबिल भरायला त्यांनी शिकवलं. नातीशी रोज व्हिडिओवर बोलायच्या. एसटीडी आल्यावर त्यांचं खातंच गुंडाळलं गेलं, तरी त्याबद्दल त्या कधी हळहळल्या नाहीत. "बरंच झालं," म्हणायच्या. "बाळंतिणीची खबर कळायला माणसं अर्धा दिवस ताटकळायची. त्यात कसली आली मजा?"

त्यांचं भांडण यंत्राशी नव्हतंच. ते आमच्याशी होतं.

सोसायटीने गेटवर चेहरा ओळखणारं मशीन बसवलं आणि त्याला जोडलेलं एक ॲप घेतलं. ठरावाच्या बाजूने मीही हात वर केला होता, आणि आजही करेन. पार्सलं हरवायची थांबली, वॉचमनची वहीतली गिचमिड संपली. कामाला येणारी बाई, ड्रायव्हर, इस्त्रीवाला यांनी मशीनसमोर उभं राहायचं. हिरवं आलं की आत, लाल आलं की बाहेर. पाहुण्यांसाठी मशीन नाही. सभासदाने हो म्हटलं की पाहुणा आत.

पहिला खटका उडाला तो आमच्या सेक्रेटरींशी. राणे माणूस कामसू, पण ॲपवर सगळ्यांची ये-जा दिसायला लागल्यापासून त्यांना नवीनच नाद लागला. एकदा लिफ्टपाशी ते दुसऱ्या मजल्यावरच्या एकट्या राहणाऱ्या मुलीला हसत म्हणाले, "काल तुमच्याकडचे पाहुणे बरेच उशिरा गेले वाटतं!" मुलगी लाल झाली. टेलिफोनबाई मागेच उभ्या होत्या.

"राणे, तू आमच्या बोर्डावर बसला असतास ना, तर सुपरवायझरने पहिल्याच दिवशी तुझ्या कानातला हेडफोन उपटून घेतला असता."

"अहो बाई, मी मुद्दाम नाही बघितलं. ॲपवर दिसतंच."

"मेल्या, मलाही ऐकू यायचंच की!"

नंतर आलं सुनंदाचं प्रकरण. सुनंदा भांडुपच्या टेकडीवरून यायची, आमच्या इमारतीत पाच घरी भांडी आणि पोळ्या करायची. त्या वर्षी गौरींना ती दोन दिवस गावी गेली, आधी सांगून. तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरी त्यातल्याच एका दिवशी वीस माणसं जेवायला होती. त्या घरच्या बाईंनी रागाने ॲपवर सुनंदाला एक तारा दिला. पाचपैकी एक.

आता हा हिशेब बघा. कामाच्या माणसाला घरांनी तारे द्यायचे आणि सरासरी दोनाच्या खाली गेली की गेट बंद, अशी सोय ॲपमध्ये होती. समितीने ती बहुमताने चालू केली होती. बाकीच्या चार घरांनी सुनंदाला कधी तारे दिलेच नव्हते. काम चांगलं चाललं असलं की कोण देतो? म्हणजे सरासरी निघाली ती एकाच आकड्याची. याला मी सरासरी म्हणत नाही. पण मशीनने म्हटलं. आणि एकदा लाल झालं की नवे तारे घ्यायचेच बंद. समितीने उघडलं तरच उघडणार.

सुनंदा गावाहून परतली त्या सकाळी मी आणि टेलिफोनबाई एकदमच फिरून येत होतो. गेटवर ती पिशवी घेऊन उभी.

"लाल दिखा रहा है, मॅडम," वॉचमन रामसजीवन म्हणाला. "मैं क्या करूं?"

"काय केलंस गो बाय?" बाईंनी सुनंदाला विचारलं.

"मला काय माहीत? गेल्या आठवड्यात हिरवं होतं. तेव्हा होते तीच आज आहे मी."

मी ॲप उघडून काय झालं ते सांगितलं. राणेंना फोन लावला. ते म्हणाले, तिसऱ्या मजल्यावरची तक्रार आहे, सुनंदाने त्यांची माफी मागितली तर समिती विचार करेल. सुनंदाने ऐकून घेतलं आणि नकारार्थी मान हलवली.

"सांगून गेले होते. चोरून नाही. माफी कसली मागू? आणि आज त्यांची मागितली तर उद्या पाचही घरांची मागत बसायची."

पाच घरं गेली तर घरात काय शिजणार हे तिलाही ठाऊक होतं. नवरा दुखणाईत. तरीही ती हे बोलली. टेलिफोनबाई रामसजीवनकडे वळल्या.

"मेरे घर मेहमान आया तो?"

"आपने हां बोला तो छोडेगा ना."

"तो बोला. हां. ये मेरी मेहमान है."

"मॅडम, ये तो कामवाली है!"

"कामाला येऊ नको असं तुझ्या मशीनने सांगितलं ना तिला? मग नाही आली ती कामाला. माझ्याकडे आली आहे. लिख."

त्याने ॲपवर नोंद केली. इथे एक सांगायला हवं : सुनंदा टेलिफोनबाईंकडे कामाला नव्हतीच. त्या आपली भांडी आपण घासायच्या.

दुसरं कुणी असतं तर तिला गेटमधून आत सोडून मोकळं झालं असतं. बाईंचं तसं नव्हतं. पाहुणी म्हणून नोंद केली म्हणजे पाहुणचार करणं भाग. त्या तिला वर घेऊन गेल्या. मीही गेलो, कारण हे कुठवर जातं ते मला बघायचं होतं. सुनंदा सवयीने दाराजवळ खाली बसायला लागली.

"खाली कुठे बसतेस? खोटं बोलायला लावतेस मला? खुर्चीवर बस."

कपाटातले निळ्या नक्षीचे कप निघाले. सुनंदा खुर्चीच्या कडेवर बसून चहा प्यायली आणि सवयीने कप विसळायला उठली. बाईंनी तो तिच्या हातातून काढून घेतला. मग सुनंदा आपल्या चार घरच्या कामाला गेली.

हे रोज सुरू झालं. सकाळी बाई खाली, "माझी पाहुणी", वर चहा, मग काम. चारही घरं खूश होती. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई तेवढ्या धुमसत होत्या. राणे माझ्याकडे नियमांची प्रत घेऊन आले.

"यात काहीतरी असेलच ना रे. शोध."

मी नियम दोनदा वाचले. पाहुणा किती वेळा यावा, आत आल्यावर त्याने कुठे जावं, कुणाकडे काय करावं, यावर एक अक्षर नव्हतं. पाहुण्यांना बंधन नको म्हणून आम्हीच ते मोकळं सोडलं होतं. भांडी घासणारी बाई कुणाची पाहुणी असू शकते, हे आमच्यातल्या कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"नियमात बसतं," मी म्हटलं.

"तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"नियमाच्या. आपणच केलेला आहे."

वार्षिक सभेत राणेंनी पाहुण्यांच्या फेऱ्यांवर मर्यादा घालायचा ठराव आणला. टेलिफोनबाई उठल्या. "घाला की. पण सगळ्यांना सारखी. राणे, तुझा मेहुणा रोज संध्याकाळी कॅरम खेळायला येतो, त्याला आता आठवड्यातून एकदाच बोलव." सभा हसली, ठराव पडला. मग बाईंनी स्वतःचा मांडला : माणसांना तारे देणं बंद करा.

"बाई, सिस्टमच तशी आहे," राणे म्हणाले.

"सिस्टम कुणी बसवली? वरून पडली? तारे ठेवायचेच असतील तर सुनंदालाही देऊ द्या. कुणाच्या घरी शिळं मिळतं, कुणाच्या घरी पंखा बंद करतात, तिला सगळं ठाऊक आहे. बोल, तुझ्या घराला किती मिळतील?"

या वेळी कुणी हसलं नाही. हाही ठराव पडला. बाजूने जे थोडे हात वर झाले त्यांत माझा होता. खाली बसताना बाई मोठ्याने म्हणाल्या, "नोंद करून ठेव, खजिनदार. पुढच्या वर्षी परत मांडणार."

पुढचं वर्ष त्यांना मिळालं नाही. छातीत दुखायला लागलं म्हणून आम्ही त्यांना हॉस्पिटलात नेत होतो. गाडीत त्यांनी माझा हात धरला. मला वाटलं, मुलाला कळवायला सांगतील. त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी सुनंदा येईल. खाली जाशील?"

"बाई, मी समितीत आहे."

"म्हणूनच तर. तुला नियम पाठ आहेत."

त्या जिवंत परतल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांना त्याच गेटमधून नेलं. त्या वेळी मशीन बंद ठेवायला रामसजीवनला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने आपणहून ठेवलं.

त्यांना हॉस्पिटलात नेलं त्याच्या दुसऱ्याच सकाळी मी त्यांच्या सांगण्याप्रमाणे खाली गेलो होतो. तेव्हापासून रोज जातो. "माझी पाहुणी" म्हणतो आणि तिला वर चहाला नेतो. बायकोने आमचे चांगले कप बाहेर काढून ठेवले आहेत. टेलिफोनबाईंच्या मुलाने निळ्या नक्षीचे कप सुनंदाला दिले. ती ते वापरत नाही म्हणते, मांडून ठेवलेत.

या वर्षीच्या सभेच्या विषयपत्रिकेवर तोच ठराव आहे, शब्दही तेच. मांडणारा म्हणून माझं नाव आहे. काल सकाळी सुनंदा आमच्याकडे चहा पीत असताना राणेंचा फोन आला. ठराव मागे घे, समितीची शोभा होते, असं बराच वेळ सांगत होते. मी म्हटलं, मागे घेणार नाही. हरलो तर पुढच्या वर्षी परत मांडेन.

फोन ठेवला आणि वळलो. समोरची खुर्ची रिकामी होती. सुनंदा कप बशीसकट घेऊन गॅलरीत उभी होती, आमच्याकडे पाठ करून.